ओवाळलेला तुकडा

नागपंचमी चार दिवसांवर आली होती आणि मनकर्णाबाईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. सेलूहून मुराळी येणार, नव्या सुनेला पहिल्या सणासाठी माहेरी नेणार, आणि राणीसावरगावातल्या या घराची गोष्ट तिच्याबरोबर सेलूपर्यंत जाणार, ही टोचणी त्यांना धड बसू देत नव्हती.

गोष्ट एवढीच की भुऱ्या राजनंदिनीवर गुरगुरत असे. फक्त तिच्यावर. मनकर्णाबाईंनी वाटीने दूध पाजून वाढवलेला हा कुत्रा परक्यांच्या पायांतही लोळत असे. पण सून अंगणात आली, तिचा हिरवा चुडा वाजला, की त्याची मान खाली जाई आणि घशातून जाते फिरावे तसा आवाज निघे.

"मुकं जनावर हाय, बाई," धाकटी जाऊ सरजाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "त्याला माणूस कळतंय. गावात बाया बोलायल्यात."

"गावात तूच सांगून आलीस. दुसरं कोण सांगणार?"

"सांगायला कशाला लागतंय? विहिरीपत्तूर ऐकू जातंय त्याचं."

मनकर्णाबाईंनी महिनाभर आपल्या परीने शिस्त लावून पाहिली होती. गुरगुरला की पाठीत चप्पल. कुत्रा गप्प झाला खरा. पण तिसऱ्याच दिवशी, कसलीही चाहूल न देता, त्याने राजनंदिनीच्या पदराला दात लावले. तेव्हापासून त्या ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर नुसत्या येरझारा घालत होत्या.

त्या दिवशी सून पाणी भरून आली तेव्हा चुडा वाजला नाही. मनकर्णाबाईंनी निरखून पाहिले. दोन्ही मनगटांवर बांगड्यांभोवती चिंधी गुंडाळलेली होती.

"हे काय?"

"वाजू नये म्हणून, मामी." राजनंदिनीने घागर उतरवली आणि खालच्या मानेनेच विचारले, "पंचमीनंतर मी तिकडंच ऱ्हायले थोडे दिवस, तर चालंल का?"

थोडे दिवस म्हणजे किती, हे मनकर्णाबाईंनी विचारले नाही. आपल्या घरची सून आपल्याच अंगणात चुड्याचा आवाज झाकून वावरते, हे त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी मुलाला, परमेश्वरला, हाक मारली. "गंगाखेडहून जनावराचा डॉक्टर आण. आजच्या आज."

डॉक्टर नागनाथ मोटारसायकलवर आला. परमेश्वरने भुऱ्याचे तोंड उपरण्याने बांधून धरले. डॉक्टरने डावा कान उलटताच कुत्रा कळवळला; आत चिडलेली, पिकलेली जखम होती.

"हे आजचं न्हाई. दोन-अडीच महिने झालेत. कुणी काय फेकून मारलं होतं का?"

"आमच्यात चपलेपल्याड कुत्र्याला कोण मारतंय, डॉक्टर?" परमेश्वर म्हणाला.

मनकर्णाबाई उठल्या, आत गेल्या, परत आल्या आणि पुन्हा आत गेल्या. वरात दारात आली तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना. नवरानवरीवरून ओवाळलेला भाकरतुकडा त्यांनी बाहेर भिरकावला, तो उंबऱ्यालगतच पडला आणि भुऱ्याने झडप घातली. पीडा घराबाहेर जायची ती उंबऱ्यातच खाल्ली जाते, या रागात त्यांनी हातातला तांब्या मागून फेकला; तो त्याच्या कानावर बसला, पण गर्दीत कुणी फेकला हे कुणाला दिसले नाही. दचकून वधूने हात झटकला आणि चुडा खळखळला. कुत्र्याने वर पाहिले ते नेमके तिच्याकडे.

त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्याचा काठ एका बाजूने चेपलेला होता.

"ह्यानं लागलंय. मारणारी मी."

सरजाबाईचा हात परातीतच थांबला. "बाई, तुमी?"

"मीच. त्यानं गुन्हेगार चुकीचा धरला. तू गावभर सांगितलंस ना, आता हेबी सांग. एक शब्द गाळू नको."

डॉक्टरने कान धुतला, औषध भरले, पट्टी बांधली आणि बजावले, "आज्जी, गुरगुरलं तर मारू नका. मला भ्या वाटायलंय, एवढंच सांगतंय ते. सांगणं बंद केलं तर चावल. सूनबाईंनी लांबूनच तुकडा टाकायचा अन् मागं फिरायचं. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा न्हाई."

"चिंधी सोड," मनकर्णाबाई सुनेला म्हणाल्या. "चुडा वाजला की भाकर, हे त्याला कळू दे."

पहिल्या दिवशी तुकडा पडून राहिला; कोंबडीने नेला. दुसऱ्या दिवशी राजनंदिनी दूर गेल्यावर त्याने तो खाल्ला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुरगुरला. मनकर्णाबाईंची बोटे सवयीने चप्पल शोधू लागली. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तशाच बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी मुराळी आला. राजनंदिनीचा भाऊ राम चहाची बशी खाली ठेवून अवघडत म्हणाला, "मावशी, कुत्र्याचं काय तरी कानावर आलं. आई काळजी करायली."

"आईला सांगा, चूक सासूची होती. अन् सूनबाई कधी यायची ते तिच्यावर हाय."

निघताना राजनंदिनीने उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा टाकला. चुडा वाजला. भुऱ्याचा पट्टी नसलेला कान ताठ झाला. आवाज आला नाही, शेपटीही हलली नाही. तो दोन पावले पुढे आला, तुकडा उचलला आणि तिथेच, उंबऱ्याशी, खात राहिला. कोणीही त्याला हाकलले नाही.

राजनंदिनी बघत राहिली. मग पिशवी खांद्यावर घेत म्हणाली, "मामी, चार दिवसांनी येते. तोवर तुकडा तुमी टाका. पर चुडा वाजवून."

मनकर्णाबाईंच्या हातात पाटल्या होत्या. त्यांनी हात किंचित हलवून पाहिला. वाजल्या.