थोडा गाळ पोटात राहू द्या

मित्रांनो, या घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा एक छोटा तलाव आहे. त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, पिंपासारखा जो ढेरपोट्या गृहस्थ बसला आहे ना, तो मी. या तलावाचा जुना फिल्टर. पोहणारे पाण्याचं कौतुक करतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण माझी तक्रार नाही. पाणी नितळ दिसलं की माझी सेवा देवाला पोचली.

मला इथं आणलं तेव्हा माझ्या पोटात वाळू भरली होती. पंपानं पाणी आत ढकलायचं, वाळूनं त्यातला कचरा धरायचा आणि स्वच्छ पाणी तलावात परत जायचं. जंतू मारणं मात्र माझं काम नाही, ते क्लोरीनचं. आम्ही दोघं टाळ-मृदंगासारखे. एक चुकला की दुसऱ्याची शोभा जाते.

वर्षं गेली. वाळू झिजून गुळगुळीत झाली, तिची ढेकळं झाली आणि कचरा बाजूनं निसटू लागला. तेव्हा फिल्टरवाल्यानं ती उपसून माझ्या पोटात काच भरली. दचकू नका! टाकलेल्या बाटल्यांची काच बारीक दळून, तिची धार मोडून मुद्दाम माझ्यासारख्यांसाठी बनवतात. वाळूच्या हातून सुटणारा बारीक कणही ती धरते.

जाताना फिल्टरवाला म्हणाला, "हा दाबाचा काटा बघा. तो बराच वर चढला तरच ही वरची मूठ फिरवून उलटं पाणी सोडा. म्हणजे आतला गाळ धुऊन बाहेर जाईल. उगाच रोज धुऊ नका."

हे ऐकलं सगळ्यांनी, पण पटलं नाही आत्यांना. आत्या म्हणजे या घरातल्या आजोबांची थोरली बहीण. घासलेलं भांडं पुन्हा घासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "घाण पोटात ठेवून कुणी पाणी गाळतं का?" असं म्हणत त्या रोज सकाळी माझी मूठ फिरवायच्या, आणि मायेनं माझ्या अंगावर ओलं फडकंही मारायच्या.

आता बघा, चहाच्या गाळणीत थोडा चोथा बसला की पुढचा चहा अधिक नितळ उतरतो. माझंही तसंच. धरलेला गाळच पुढचा बारीक गाळ धरतो. आत्या तो जमूच देईनात. शिवाय उलट्या पाण्याबरोबर क्लोरीनही वाहून जाई. पाणी गढूळ झालं, मग हिरवट दिसू लागलं. आणि पाणी बिघडलं म्हणून आत्या अजूनच धुवायच्या!

याचा भुर्दंड पडला आजोबांना. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, आता पाण्यात चालायचं होतं. पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "तळ स्वच्छ दिसल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही." आजोबा काठावर खुर्ची टाकून तळ शोधत बसायचे. पाय दिवसेंदिवस आखडत चालले होते. पुढे पुढे तर त्यांनी खुर्ची बाहेर आणायला सांगणंही सोडलं.

अशात भाचीच्या बाळंतपणासाठी आत्यांना गावाला जावं लागलं. "रोज धू रे," असं भाच्याला, म्हणजे आजोबांच्या मुलाला, दहादा बजावून त्या गेल्या. भाचा मानेनं हो म्हणाला. क्लोरीन तेवढं तो मापून न चुकता टाकी. माझी मूठ मात्र साफ विसरला.

माझ्या पोटात हळूहळू गाळ बसला, पण काटा फारसा चढला नाही. पाणी निवळत गेलं.

आत्या परतल्या त्या थेट तलावाकडेच. तळाची फरशी न् फरशी दिसत होती. "बघितलंस? रोज धुतलं की असं होतं!"

भाच्यानं डोकं खाजवलं. "आत्या, खरं सांगू? मी मुठीला हातसुद्धा लावला नाही."

आत्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हातानं बिघडत होतं म्हण की. आणि हा बिचारा तिथं पाय आखडून बसला."

आजोबा काठी टेकत बाहेर आले होते. "अक्का, लहानपणी माझे कान तू असेच घासायचीस. अजून लाल आहेत, बघ."

"तू गप रे!" असं म्हणताना आत्यांना हसू आलं, आणि रडूही.

"गप बसतो. पण आता तुझा हात मोकळा झालाय ना? मग मला धर."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जरूर जपा. काटा बघा, वेळेवर धुवा, क्लोरीन मोजून टाका. पण माया आहे म्हणून सारखा हात लावू नका. ज्याचं काम त्याला करू द्या. निवळायला मनालाही वेळ लागतो, पाण्यालाही.

त्या दिवशी दोघं भावंडं पायऱ्या उतरली. आजोबांनी पाण्यात पहिलं पाऊल टाकलं, मग दुसरं टाकलं. आत्यांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"अक्का, जरा सैल धर," आजोबा म्हणाले. "मी चालतोय."