खुशीचा गूळ

मोतीबिंदूची पट्टी सुटली तशी मात्सुए आत्याने हट्टच धरला, "आता काहीतरी बघण्यासारखं दाखव." चौऱ्याऐंशीची बाई, ऑपरेशनसाठी बोटीने रात्रभर प्रवास करून दक्षिणेकडच्या बेटावरून आलेली. शिगेकोने तिला एकेकाळी त्या बेटांवरही हुकूमत गाजवलेल्या सरदार घराण्याच्या संग्रहालयात नेलं. या शहरात लग्न होऊन तिला तीस वर्षं झाली होती आणि पाहुणा आला की ती त्याला इथेच आणायची. शहराला अभिमान होता त्याचा, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

आत्या आधी खूश होती. दगडी यंत्रशाळा, तोफा ओतायच्या भट्टीचा नमुना, लाल कोरीव काचेचे पेले. "केवढा लखलखाट गं!" म्हणत ती प्रत्येक काचेला नाक लावत होती. सोबतीला नागायोशी नावाचे वयस्क मार्गदर्शक होते, मृदू बोलणारे, पांढरे हातमोजे घातलेले.

तिसऱ्या दालनात आत्या एका फलकापाशी थांबली. नव्या डोळ्यांनी, बोट फिरवत, तिने मोठ्याने वाचलं, "दक्षिणेकडील बेटवासीयांनी खुशीने पिकवलेल्या उसाच्या गुळातून या कारखान्यांना भांडवल मिळाले."

"खुशीने?" ती म्हणाली.

"बेटांचं मोठं योगदान आहे, आजी," नागायोशी म्हणाले. "त्या काळी सगळ्यांनीच त्याग केला."

"सगळ्यांनी? तुमच्या सरदारांनी काय सोडलं? चहाबरोबरची मिठाई?"

शिगेकोने तिची बाही ओढली. "आत्या, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. साहेब, माझ्या आजीची आजी पोटुशी होती. घाण्यापाशी काकवीचं एक बोट चाटलं तिने. मुकादमाने तिच्या गळ्यात फळी अडकवून गावभर फिरवलं आणि नवऱ्याला चाबकाने फोडलं. ऊस आम्ही लावायचा, तोडायचा, आणि चव घेतली तर आम्हीच चोर. भाताची शेतं मोडून ऊस लावला. खायला काय, तर सायकसच्या झाडाची विषारी फळं धुऊन धुऊन. नीट धुतली नाहीत तर माणूस मरायचा. हे कुठल्या कपाटात ठेवलंय?"

नागायोशींनी वाकून नमस्कार केला. "आपलं मोलाचं मत वरिष्ठांपर्यंत पोचवतो." तेवढ्या नम्रपणे माशीसुद्धा कोणी हाकलली नसेल.

शिगेकोला शिसारी आली. आधी वाटलं, ती आत्याच्या आवाजाचीच. मग कळलं, तसं नाही. ही गोष्ट तिने लहानपणी दहादा ऐकली होती. सासरी कोणी "बेटावरची का?" म्हणून नाक मुरडू नये म्हणून तिने आधी बोली सोडली, मग गोष्टही. ज्या पेल्यांसमोर ती पाहुण्यांचे फोटो काढायची, त्यांचा तो लाल रंग आता बघवेना.

बाहेर पडताना विक्रीच्या टेबलावरच्या मुलीने बशी पुढे केली. "चाखून बघा, बेटाचा खास गूळ. फुकट आहे."

आत्या हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आमच्यासाठी फुकट? उशीर केलात की गं."

मुलगी गोंधळून हसली. शिगेकोने पर्समधून संग्रहालयाच्या 'मित्रमंडळा'चं सभासद कार्ड काढलं आणि त्या बशीशेजारी ठेवलं. "हे परत घ्या."

"काही चुकलं का, बाई?"

"त्या फलकावर चुकलंय. मीही बेटावरची आहे." तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने हे बेटाच्या बोलीत म्हटलं, आणि ते तिलाच ओबडधोबड वाटलं.

पुढे तिने संग्रहालयाला दोन पानी पत्र लिहिलं. आभाराचं छापील उत्तर आलं. दोन महिन्यांनी ती मुद्दाम तिकीट काढून बघायला गेली. फलकावरचा 'खुशीने' शब्द गेला होता. बाकी सगळं तसंच, फळी नाही, चाबूक नाही.

तिने आत्याला फोन केला.

"एक शब्द काढला म्हणतेस?" आत्या म्हणाली. "थुंकी पुसल्यासारखं केलंय मेल्यांनी. तू परत लिही. आणि ऐक, यावेळी माझ्या आजीच्या आजीचं नाव घाल. उशिमात्सु. लिहून घे नीट."

शिगेकोने लिहून घेतलं.