कुत्र्याचं डोकं आणि हरवलेली फाईल

शुक्रवारपर्यंत धड चालणारा प्रोग्राम बुधवारी सकाळी उघडेना, तेव्हा बायोरची नजर आधी पलीकडच्या टेबलाकडं गेली. तिथं लामिसी बसली होती. सोमवारी बोल्गाच्या ऑफिसातनं बदलून आलेली, आल्या आल्या कॉम्प्युटरला हात लावलेली, आणि आता गरम कोसे, म्हणजे चवळीची भजी, अशी खात होती, जशी जगात पापच नाही.

पडद्यावर एकच ओळ होती. लायब्ररी सापडत नाही. लिनक्सवरचा प्रोग्राम म्हणजे लग्नघरचा यजमान, एकट्याच्यानं काही होत नाही. मदतीला दहा फायली लागतात, त्यांनाच लायब्ररी म्हणायचं. त्यातली एक जरी आली नाही तरी गडी उंबऱ्यातच बसतो.

आणि आज बसून चालणार नव्हतं. बारा वाजता बोअरची गाडी तांगझू गावाला पोचणार होती. गेल्या वर्षी तिथं बायोरनं अंदाजानं बोट दाखवलं होतं, तर साठ मीटर नुसती धूळ निघाली. यंदा जमिनीत वीज सोडून मापं घेतली होती. त्या मापांवरनं पाणी कुठं ते दाखवणारा हा प्रोग्राम. बारापर्यंत जागा कळवली नाही, तर गाडी पुढच्या गावाला जाणार, आणि तांगझूच्या बायका आणखी वर्षभर गुरांच्या तळ्यातलं पाणी वाहणार.

"काय केलंस गं याला?" बायोरनं विचारलं.

"तुमची फाईल होय? खाल्ली. मीठ लावून."

आता झाली पंचाईत! बायोर वा गावाकडचा दागाबा, लामिसी बोल्गाची फ्राफ्रा, आणि या दोन जमातींचं थट्टेचं नातं आज्या-पणज्यांपासनं. कुत्र्याचं डोकं कुणी चोरून खाल्लं यावरनं मयताच्या दारातसुद्धा भांडायचं, एकमेकांच्या वस्तू पळवायच्या, आणि जो रागावला तो हरला. मग ही थट्टा म्हणायची की कबुली?

बायोरच्या मनात आलं, हिला माझी खुर्ची पाहिजे.

"बघ बरं तूच," तो वरवर हसत म्हणाला. "खाल्लीस तर ओकून दाखव."

लामिसी कॉम्प्युटरपुढं बसली. हा मागं उभा. ती जे टाइप करील ते कागदावर लिहून घेऊ लागला. साहेबापुढं पुरावा नको?

"काय लिहिताय काका? माझं मृत्युपत्र?"

"तुझ्याकडं ठेवायला आहे काय? कुत्र्याचं शेपूट?"

प्रोग्रामाला लागणाऱ्या फायलींची यादी आली. प्रत्येकीपुढं तिचा पत्ता, एकीपुढं नुसतं 'सापडत नाही'. लामिसीनं ते नाव शोधलं.

"नाव आहे हो इथं. पण ही फाईल नव्हे, नुसती पाटी आहे. ही म्हणते, खरी फाईल बाहेरच्या डिस्कवर आहे. डिस्कचं नाव..." ती मागं वळली. "लिहा काका. ब ला काना, बा. यो. र."

बायोरचं पेन 'र'वर थांबलं.

आठ वर्षांमागं हीच फाईल अडली होती, तेव्हा आपल्या डिस्कवरची जुनी फाईल त्यानंच अशी पाटी लावून जोडली होती. डिस्क कायम मागं लटकलेली, त्यामुळं विसरूनही गेला. आणि बोल्गाची बाई येणार, आपली जन्माची मापं उतरवून नेणार, म्हणून रविवारी त्यानंच ती डिस्क उपटून घरी नेली होती.

घड्याळात दहा वाजून पन्नास. थाप मारायला वेळ नव्हता.

"घरी आहे," तो म्हणाला.

"घरी कुठं?"

"गिनी कोंबडीच्या टोपलीत. अंड्यांखाली."

लामिसीनं तोंडावर हात दाबला. बायोरनं मोटरसायकल अशी हाणली की बाजारातल्या शेळ्या पांगल्या. परत आला तो डिस्कला काड्या चिकटलेल्या. क्षणभर ती त्याच्या मुठीत राहिली, मग त्यानं ती तिच्या हातावर ठेवली. तिनं फाईल कॉम्प्युटरातच उतरवली, नवा पत्ता दिला. प्रोग्राम उघडला. शाळेच्या मागं, चाळीस मीटर खोल निळा पट्टा, म्हणजे पाणी! बाराला सात मिनिटं असताना बायोरनं जागा कळवली.

"तो कागद साहेबांना द्यायचाय ना?" लामिसीनं विचारलं.

बायोरनं कागदाची गोळी केली, तोंडात टाकली आणि चावायला लागला.

"मीठ देऊ?"

तीन वाजता तांगझूहून फोन आला. ड्रायव्हर काय सांगतोय ते काही केल्या कळेना, मागं 'पाणी, पाणी' म्हणून बायकाच इतक्या ओरडत होत्या.