कडूपणा काढलेला कालमेघ

लीनाने चमचा चाटला आणि म्हणाली, "आत्या, अजून!" तिथेच मला संशय आला. कालमेघाचं औषध मागून घेणारं मूल अजून जन्माला यायचंय.

"बघ, कशी शहाणी झालीय," आई नातीकडे कौतुकाने बघत म्हणाली. कावीळ होऊन गेल्यापासून लीनाला हे औषध चालू होतं आणि महिनाभरात ती एकदाही रडली नव्हती. औषध आमच्याच हावड्याच्या कारखान्याचं. मी तिथली रसायनतज्ज्ञ, माझ्या सहीशिवाय बॅच बाहेर जात नाही. ही बॅच मात्र मी रजेवर असताना मालकांनी स्वतःच्या सहीने पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी तपासलं. कालमेघ म्हणजे आपलं पालेकिराईत. त्याच्या पानातलं मुख्य द्रव्य अँड्रोग्राफोलाइड. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, स्पिरिटमध्ये सहज, आणि घागरभर पाण्यात चिमूटभर असलं तरी जीभ ओळखते. तेच कडू आणि तेच औषध. मालकांनी अर्क कोळशाच्या भुकटीतून गाळून कडूपणा काढला होता, म्हणजे औषधच काढून फेकलं होतं. बाटलीत उरला होता साखरेचा तपकिरी पाक.

मालक म्हणजे श्यामकांतकाका, बाबांचे मित्र. बाबा गेल्यावर त्यांनीच मला नोकरी दिली. माझ्याच पगारावर आमचं घर चालतं.

"मुलं थुंकतात कालिंदी. बाजाराला गोड हवंय."

"मग लेबलवर सरबत लिहा, काका."

"पाडव्यानंतर नवी बॅच जाणार आहे. सही कर, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघ."

कालमेघाने यकृताचं नेमकं किती भलं होतं, यावर मी कुणाशी पैज लावणार नाही. त्याचा पुरेसा अभ्यास अजून व्हायचाय. पण लेबलवर पानाचं नाव असेल तर बाटलीत पान हवंच. एवढं साधं सांगायला पदवीसुद्धा लागत नाही.

घरी आई माझ्यावरच उखडली. "कर की सही! खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने."

"मीठ खाल्लंय आई, तुझ्या नातीला पाजतात ती साखर नाही," मी म्हटलं. मी चिडले होते आणि ते लपवायची मला गरजही वाटली नाही.

पाडव्याला काका दरवर्षीप्रमाणे आमच्या भवानीपूरच्या घरी आले. गुढीला हात जोडले, कडुनिंबाची चटणी मिटक्या मारत खाल्ली. "कडू खाल्ल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही," असंही वर म्हणाले. मग श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

मी त्यांच्यापुढे त्यांचीच बाटली ठेवली. "आता हे घ्या चमचाभर."

"छे छे, मला मधुमेह आहे," काका म्हणाले. ओठांवर श्रीखंड तसंच होतं.

मी चमचा आईपुढे धरला. तिने चाखलं आणि तिचा चेहरा पडला. लीना का रडत नव्हती, ते तिला कळलं. पुढे होऊन तिने काकांच्या पानातली श्रीखंडाची वाटी उचलली.

"प्रेमलतावहिनी, अहो..."

"कालिंदी सही करणार नाही," आई म्हणाली.

"मग उद्यापासून येऊही नकोस म्हणावं."

"येणार," मी म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी गेले. दरवानाने आत सोडलं नाही, म्हणून फाटकाशीच उभी राहिले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात आईने सकाळी गच्चीतल्या कुंडीतला कालमेघाचा पाला वाटून दिलेली वाटी. येणाऱ्या प्रत्येकाला आधी बाटलीतलं चाखायला दिलं, मग वाटीतलं. बंगालात लहानपणापासून कालमेघाचा रस पिऊनच वाढलेली माणसं ती, त्यांना समजावायला काय लागतंय!

"ए तो शोरबोत!" हे तर सरबतच, म्हणून पॅकिंगमधल्या बायका ओरडल्या. एकीने घरी लेकाला हीच बाटली नेली होती. तिने मालकाच्या नावाने जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. नव्या बॅचच्या खोक्यांना कोणी हात लावला नाही. ट्रक रिकामाच उभा राहिला.

दुपारी काका स्वतः फाटकाशी आले. सगळे बघत होते.

मी वाटीत चमचा बुडवून त्यांच्यापुढे धरला. "घ्या काका. हा नुसता पाला आहे, यात साखर नाही."