चवीचा वाडगा

"काटा परत एकदा बघा," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी बूट काढून उभा होतो."

"काका, बूट आत्ताही काढलेलेच आहेत," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. पोटाआड माझी पावलं मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मी काट्यावरून उतरलो. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण चष्म्यावरून अशा बघायच्या की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं. दहा दिवसांत निदान चार किलो उतरायला हवे होते. उतरला होता कसाबसा एक. पोट लहान करायचं ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं.

"फक्त पातळ घेताय ना? सूप, दूध, ती पावडर?"

"वहीत लिहिलंय सगळं."

त्यांनी माझी वही चाळली. सकाळी दूध, दुपारी गाळलेलं सूप, संध्याकाळी पावडर. दहाही दिवस तेच.

"चोरून काही खाता का? रागावणार नाही मी. पण यकृतावरची चरबी उतरली नाही, तर डॉक्टरांना आत दुर्बीण घालायला जागाच मिळत नाही. पोट उघडून तसंच बंद करायची वेळ येते कधीकधी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावन्न वर्षांचा माणूस मी, तीनशे कामगारांना रोज जेवू घालणारा, आणि ही मला चोर म्हणत होती. दहा दिवसांत एकदाही ताट पुढ्यात घेऊन बसलो नव्हतो. पोटात कावळे ओरडत असताना कढया उतरवल्या होत्या. "नाही खात," एवढंच म्हणालो आणि दार जरा जोरात लावून बाहेर पडलो.

खरं सांगायचं तर ते ऑपरेशन मला नकोच होतं. ते बायकोला हवं होतं, डॉक्टरांना हवं होतं, माझ्या गुडघ्यांना आणि साखरेला हवं होतं. गेल्या वर्षी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एक झाकण टेबलाखाली गेलं. ते काढायला मी खाली बसलो आणि उठताच येईना. चौघांनी धरून उठवलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि मग कोठीत जाऊन पोत्यावर बसून राहिलो, कारण दम काही केल्या परत येत नव्हता. त्या दिवशी घाबरून मी बायकोला हो म्हणालो होतो.

पण भीती काही एकच नसते. दवाखान्याने दिलेल्या माहितीपत्रकात पाचव्या पानावर एक ओळ होती: काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पदार्थांची चव वेगळी लागते. ते पान मी इतक्यांदा उघडलं होतं की घडीवर फाटलं होतं. माझ्याजवळ दुसरं आहे काय? शिक्षण नाही, बोलणं गोड नाही. बावीस वर्षं या एका जिभेवर घर चाललं. ती बिघडली तर मी नुसता एक बारीक झालेला माणूस. शिवाय लोक गमतीत म्हणायचेच, मामा, तुमचं पोट बघूनच भूक लागते. बारीक आचाऱ्याच्या हातचं कुणी विश्वासाने खाईल का, हाही किडा डोक्यात वळवळत होता.

त्या दिवसांत माझं बूड एका जागी ठरत नसे. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचो. डबे उतरवायचो आणि त्याच क्रमाने परत लावायचो. घरी बायको पडदे शिवत बसलेली असायची. मशीन थांबवून म्हणायची, "अहो, बसा ना घटकाभर. तुमच्या फेऱ्यांनी माझी टीप वाकडी जाते."

दवाखान्यातून मी तडक कॅन्टीनवर आलो आणि आळणीबाईपुढे सगळी मळमळ ओकली. आळणीबाई माझ्या हाताखाली अकरा वर्षं आहे. चिरणं, निवडणं, भात हे तिचं काम; भाताच्या पाण्यात ती मीठ कमीच घालते, उरलेलं मी घालतो. तिने एकदा माझ्या रजेच्या दिवशी रस्सा केला होता, त्यात मीठ जवळजवळ नव्हतंच, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. ती काही मनावर घेत नाही.

"चोरून खातो म्हणे मी," मी म्हणालो.

ती गाजरं चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, तुम्ही खाता की."

"मी?"

"दिवसभर खाता."

"अगं, ती चव बघणं झालं. त्याला खाणं म्हणतात का?"

ती पुढचं गाजर चिरायला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम सुरू झालं. बटाट्याचा रस्सा, भात, कोबीची भाजी, पाव, आणि गोड म्हणून कस्टर्ड. साडेबाराला वाढायची खिडकी उघडायच्या आधी मी हात पुसत होतो, तेवढ्यात तिने फळीवरून एक मोठा वाडगा उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. खाली भात, त्यावर रस्सा, बटाट्याच्या सहा-सात फोडी, कोबी, पावाचे तुकडे, एका बाजूला कस्टर्ड ओघळलेलं. वर तेलाचा तवंग.

"हे काय?"

"तुमचं. सकाळपासूनचं. तुम्ही जेवढं तोंडात टाकलंत तेवढंच मी यात टाकत गेले. एक चमचा जास्त नाही की कमी नाही."

"खोटं."

"फोडी मोजा. शिजली का, शिजली का म्हणून तुम्ही सात खाल्ल्यात. कस्टर्ड पाच वेळा. एकदा तर नुसतंच, चव बघून झाल्यावर."

मला आठवत होतं ते फार तर चार-पाच चमचे. पण ती खोटं बोलत नाही, अकरा वर्षांत बोललेली नाही. मी त्या वाडग्याकडे बघत राहिलो. दोन माणसं पोटभर जेवली असती त्यात. मानेपासून कानापर्यंत तापलो. त्या पोरसवदा बाईंवर मी दार आपटून आलो होतो.

आणि मग, लपवून काय उपयोग, मला आनंद झाला. चांगलाच झाला. हा वाडगा दाखवला की ऑपरेशन आपोआप पुढे जाणार होतं. मी नाही म्हणायची गरजच नव्हती. मी कोठीत जाऊन बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं, शक्य तेवढ्या दुःखी आवाजात.

पलीकडे मशीन थांबलं.

"बरं वाटलं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"काहीतरीच काय? वाईट वाटलं."

"ओळखते मी तुम्हाला. आता पुढे ढकलणार, मग आणखी पुढे. मग कुणी विषय काढला की तुम्ही ताटावरून उठून जाणार." पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मी पांढरं कापड आणून ठेवलंय का घरात, विचारा एकदा."

"म्हणजे?"

"तुमच्यावर घालायला. नाही आणलेलं. आणायचंही नाहीये मला. एवढंच सांगते." तिने फोन ठेवला.

मी वाडग्यावर ताटली झाकली, वर फडकं बांधलं आणि रिक्षाने दवाखान्यात गेलो. बाई स्वतःचा डबा खात होत्या. मी वाडगा टेबलावर ठेवून फडकं सोडलं.

"हे माझं एका सकाळचं. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा बाजूला सारला, चमच्याने वाडगा खालपर्यंत हलवून बघितला आणि खुर्ची पुढे केली.

"मी दोन आठवड्यांनंतरची तारीख मागते," त्या म्हणाल्या. "पण काका, चव पूर्ण बंद. थेंबसुद्धा नाही."

"मग स्वयंपाक कसा करू मी?"

"हाताखाली कुणी नाही?"

"आहे. तिला मीठ कळत नाही."

"शिकवा," त्या म्हणाल्या, जणू त्यात काही विशेष नव्हतं.

हे चौदा दिवस मी जन्मात विसरणार नाही. पहिल्याच दिवशी मी रश्शाचा थेंब हातावर घेऊन तोंडाकडे नेला आणि आळणीबाईने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. बावीस वर्षांत मला असं कुणी धरलं नव्हतं. मग मी चमचा तिच्याकडे दिला.

"कसं लागतंय?"

"बरं."

"बरं म्हणजे काय? बरं तर पाणीही लागतं. जिभेला पुढे काय लागतं, मागे काय लागतं, ते सांग."

"चांगलं लागतं, मामा."

मी हात टेकले. त्या दिवशी खिडकीतून ताटं अर्धी भरलेली परत आली. लेथवरचा उस्ताद डोकं आत घालून म्हणाला, "मामा, तब्येत बरी आहे ना? आज रश्शाला तुमचा हात लागलेला दिसत नाही." मी भांडी घासायच्या जागेकडे तोंड करून उभा राहिलो. रात्रीची भूक परवडली, पण हे सहन होईना. घरी जाऊन माहितीपत्रकाचं पाचवं पान पुन्हा वाचलं आणि मनात आलं, ऑपरेशननंतर हे असंच असेल. रोज. आंधळ्यासारखं ढवळायचं आणि दुसऱ्याला विचारायचं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर सहा वाट्या मांडल्या. एकच रस्सा, मीठ प्रत्येकीत थोडं थोडं वाढवत नेलेलं. "खा," मी म्हणालो. "कुठल्या वाटीला तोंड आपोआप दुसरा चमचा मागतं, ते सांग." तिने डोळे मिटले. बराच वेळ लावला. मग चौथी वाटी पुढे सरकवली. मला ती खाऊन बघता येत नव्हती, पण मीठ मीच घातलं होतं. चौथीच होती ती.

"मग अकरा वर्षं आळणी का करत होतीस?" मी चिडून विचारलं.

"तुम्ही नंतर घालायचातच की. माझं मीठ कधी लागू दिलंत?"

मी वाट्या उचलून घासायला ठेवल्या.

चौदाव्या दिवशी काटा साडेपाच किलो खाली उतरला होता. बाईंनी वहीवर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला दाखल व्हायचं होतं. सकाळी मी कॅन्टीनवर आलो तो पिशवी घेऊनच. दोन लुंग्या, टॉवेल, चष्मा. पिशवी कोठीच्या दाराशी ठेवली. डोळे मात्र सारखे तिच्याकडे जात होते. साडेअकरापर्यंत मी चार वेळा ठरवलं की जायचं नाही, आणि चार वेळा फोडणीचं तेल करपता करपता वाचवलं. बायको एक वाजता न्यायला येणार होती. फाटकाशी उभी राहते म्हणाली होती, आत येत नाही म्हणाली होती.

रस्सा उकळत होता. वासावरून झालाय असं वाटलं, पण वासाला मीठ कळत नाही. आळणीबाई चमचा घेऊन आली. तिने फुंकर घातली, घेतला, डोळे मिटले.

"थोडं हवं," ती म्हणाली. मी मिठाच्या डब्यात चमचा घातला तर म्हणाली, "राहू द्या, मी घालते." तिने घातलं, ढवळलं, थांबली, पुन्हा घेतला. "झालाय."

बावीस वर्षांत त्या कढईखालचा गॅस दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी बंद केला नव्हता. तो केला. खिडकी उघडली. रांगेत पहिला उस्तादच होता. तो ताट घेऊन समोरच्या बाकावर बसला. मी फडक्याला हात पुसत त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने पाव बुडवला, एक घास घेतला, शेजाऱ्याशी काहीतरी बोलला. मग खाली बघून दुसरा घास घेतला, आणि तिसरा.

मी एप्रन काढून आळणीबाईच्या खुंटीला अडकवला आणि पिशवी उचलली.