अबू रुदैनाची किंकाळी

शेण खाल्लं ते मीच, माझ्या जोडीदारावर, मुहन्नदवर ढकलणार नाही. माईक मी लपवला होता.

तो बंदुकांचा ऑनलाइन गेम कंपनीनं अर्ध्यातच रद्द केला. चार वर्षं आम्हाला झुलवलं आणि वर सर्व्हरही काढून घेतले. मग जगभरातल्या आम्ही पाच-पन्नास येड्यांनी उरल्यासुरल्या फाइली गोळा केल्या, जोडाजोड केली आणि गेम स्वतःच्या हिमतीवर चालू केला. त्यात शत्रू होते, पण मुके. त्यांचे आवाज भरायच्या आत कंपनीनं गाशा गुंडाळला होता. इकडे जॉर्डनमध्ये, इर्बिदमध्ये बसून ते आवाज भरायचं काम मी अंगावर घेतलं.

आवाज कुणाचा, तर अबू रुदैनाचा. विद्यापीठाच्या रस्त्यावर त्याचं नेट कॅफे होतं. आमच्याकडे लोक थोरल्या मुलाच्या नावानं अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप, म्हणवून घेतात. ह्याला एकच मुलगी, तर हा छाती काढून तिच्या नावानं मिरवायचा. आम्ही त्यावरूनही दात काढायचो. "उठा रे गाढवांनो, अजान झाली!" "खुर्ची मोडलीस तर तिच्या जागी तुझ्या बापाला बसवीन!" असा त्याचा तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. गल्ल्यामागं माईक ठेवून मी दहा दिवस सगळं टिपलं. मरतानाची किंकाळी तेवढी राहिली, म्हणून त्याच्या साखरेच्या डब्यात झुरळं सोडली. काय ओरडला बिचारा! आम्ही हसून हसून लोळलो.

गेम भलताच गाजला. पोलंडपासून ब्राझीलपर्यंतची पोरं त्या म्हाताऱ्याला गोळ्या घालत होती, आणि मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

मागच्या हिवाळ्यात अबू रुदैनाच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढून टाकलं. मी भेटायला गेलो नाही, नुसता जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

आणि काल दुपारी रुदैना दारात उभी, हातात कुनाफ्याच्या मिठाईचं ताट.

"ताहेर, बाबांचा आवाज तुझ्याकडे आहे म्हणे? माझ्या नणंदेचा मुलगा सांगत होता, गेममध्ये ऐकला."

"आहे... थोडासा."

"अल्ला तुझं भलं करो रे!" तिचे डोळे भरून आले. "घरात फोटो ढीगभर, पण आवाज कुठंच नाही. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला आजोबा ऐकवायचेत. लाव ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? लावलं. खुर्चीवरची शिवी ऐकून ती खळखळून हसली. "हेच, हेच! अस्सेच बोलायचे!" मग किंकाळी आली. पडद्यावर फाइलीचं नाव होतं, 'म्हातारा मेला ३'. तिनं ते वाचलं.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. झुरळं, माईक, गोळ्या. मान वर करायची हिंमत नव्हती.

ती म्हणाली, "दहा दिवसांचं होतं ना? मग बाकीचं कुठंय? मी तेव्हा कॅफेच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. बाबा तासातासाला हाक मारायचे, 'रुदैना, चहा!' ते असेलच."

होतं. शंभरदा होतं. दर वेळी मी वैतागून ते कापायचो, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एकोणीस तुकडे ठेवले आणि बाकी सगळं जागा अडवतंय म्हणून पुसून टाकलं.

"पुसलं," मी म्हणालो. "रुदैना, थोबाडीत मार माझ्या."

"मारून काय होणार? ती किंकाळी पुन्हा लाव."

"ती नको गं, तुझ्या पाया पडतो."

"लाव म्हणते ना."

लावली. ती स्पीकरला कान लावून बसली.

"शेवटी काय म्हणतात ते?"

मी हजारदा ऐकलेली किंकाळी पहिल्यांदा नीट ऐकली. ओरडणं संपता संपता एक 'रु' येत होता आणि तिथंच तुटत होता. घाबरून म्हाताऱ्यानं लेकीला हाक मारली होती. गेममध्ये मरतानाचा आवाज दोन सेकंदांहून मोठा बसत नाही, म्हणून पुढचं नाव मी कात्रीत घातलं होतं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

तिनं फोन पुढं केला. "दे. एवढं तरी दे."