चर्चमागची वाट

आमच्या येल्लेवेर्ट गावात मेलेल्या माणसाला चर्चभोवती तीनदा फिरवतात, मग पुरतात. खांद्यावरून, आणि खांदे शेजाऱ्यांचेच. का, ते मला विचारू नका, माझ्या बापालाही माहीत नव्हतं. फिरवलं नाही तर मेलेला निजत नाही, एवढं मात्र सगळे धरून चालतात. देव न मानणारेसुद्धा.

शेजारचा रिन्झे गेला तेव्हा त्याची बायको बाउके मला म्हणाली, "गोसे, तीन फेऱ्या. त्यात कुचराई नको."

"बाउके, मागची वाट बघितलीस का?"

"बघितली. म्हणून तर तुला सांगतेय."

मागची वाट म्हणजे आमच्या गावची सगळी अक्कल आहे. बांध नव्हते तेव्हा समुद्र थेट आमच्या फ्रीसलंडच्या, म्हणजे हॉलंडच्या उत्तर किनाऱ्याच्या, आत यायचा. आमच्या पूर्वजांनी शेण, चिखल, राख टाकून टाकून टेकाड उभं केलं आणि वर राहिले. पुढं बांध झाले, आणि आमच्या आजा-पणजांना कळलं की ही माती खत म्हणून खपते. मग काय, होड्या भरभरून पायाखालचं गाव विकलं. कबरस्तानापाशी येऊन थांबले, कारण फावड्याला स्वतःचेच आजे लागायला लागले. तेही लगेच नाही थांबले. आता चर्च उरलेल्या ढेकळावर उभं आहे. उत्तरेला भिंतीलगत चिंचोळी वाट आणि खाली सरळ कडा. गेल्या हिवाळ्यात तीही अर्धी ढासळली. नगरपालिकेची माणसं आली, धोक्याची फीत बांधली, गेली.

मी गोठ्यातल्या फळ्या आणल्या आणि वाटेवर अंथरल्या. खांद्याला आम्ही सहा म्हातारे. बाकी घरं शहरवाल्यांची, ते सुट्टीला उगवतात, आणि रिन्झेला पुरायचं ते शुक्रवारी.

घंटा वाजवणारा वीब्रेन शवपेटीखाली शिरताना कुरकुरला, "जन्मभर लोणी यानं खाल्लं, गुडघे आमचे जाणार."

"गप, ऐकतोय तो," मी म्हटलं.

"ऐकू दे. उसनी नेलेली शिडी कुठं ठेवलीय ते सांगेल तरी."

दक्षिणेची बाजू नीट गेली. उत्तरेला वळलो आणि फळीनं कड्याकडं अंग टाकलं. वीब्रेनचा पाय खाली गेला, पेटी कलली, आत रिन्झे सरकला. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाउकेनंही. कसंबसं भिंतीला टेकत, खांदे खरचटत आम्ही पुढच्या दारापाशी आलो आणि पेटी खाली ठेवली. मागं फळ्या कड्यावरून घरंगळत गेल्या.

"एक झाली," बाउके म्हणाली. "अजून दोन."

कुणी हललं नाही. वीब्रेनचा बूट खालीच राहिला होता, मोजा चिखलानं भरला होता.

"बाउके," तो म्हणाला, "अजून दोन फेऱ्या म्हणजे अजून दोन मयती."

तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो. मग तिनं मान डोलावली आणि आम्ही त्याला खड्ड्यात सोडलं.

घरी तिनं रिवाजाप्रमाणं कॉफी दिली, साखरेचा पाव कापला, पण आमच्यात बसली नाही.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मला डोक्कुमला ने, शहरात. तिथलं कबरस्तान सपाट आहे म्हणतात."

"आणि रिन्झे?"

"रिन्झेजवळ पडले तर मलाही असंच अर्धवट घालाल तुम्ही. दोघंही जागे राहून काय करायचं?"

 डोक्कुमचं कबरस्तान छान होतं, झाडं, रुंद वाटा. तिथल्या माणसानं टोपी काढून जागा दाखवली. पेटीला चाकांची गाडी असते, खांदेकरी लागत नाहीत, असंही अभिमानानं सांगितलं.

"तीनदा फिरवाल ना?" बाउकेनं विचारलं.

"फिरवू की, आजी. कशाभोवती?"

तिनं आजूबाजूला बघितलं. मीही बघितलं. चर्च नव्हतंच तिथं. ते राहिलं डोक्कुमच्या मध्यात, हमरस्त्याच्या पलीकडं.

बाउके बाकावर बसली. मी म्हटलं, "चल, पाऊस येतोय."

"येऊ दे," ती म्हणाली.

तो माणूस टोपी हातात धरून उभा राहिला. मग कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला.